पिवळ्यात एक बाण

"च्या कपात मागतला त बशीत देते, बशीत मागतला त पायजम्यावर," असं कोणीतरी पुटपुटलं.

कोणीतरी म्हणजे आमचे हेच. पण आमच्या घरात नवऱ्याने तक्रार बायकोकडे न करता वर्तमानपत्राकडे करायची, अशी जुनी वहिवाट आहे. पेपर तोंडासमोर धरायचा आणि सोन्याच्या भावाला उद्देशून बोलायचं. मी हातभर अंतरावर बसलेली असते, सगळं ऐकू येतं, पण बोलणं माझ्याशी नसल्यामुळे मला भांडताही येत नाही.

"काय म्हणता?" मी विचारलंच.

"काई नाई. कपाचा कान सैल झाला म्हणतो."

मी कप पाहिला. कान असा घट्ट होता, की कप फुटला असता पण कान शाबूत राहिला असता. सैल झालं होतं ते दुसरंच. दिवाळीपासून माझा उजवा हात हलत होता. फार नाही, उकळी यायच्या आधी भांड्यावरचं झाकण हलतं तेवढाच. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती आणि मला कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे सगळ्यांचं उत्तम चाललं होतं. माझ्या आईचा हात असाच हलायला लागला होता. शेवटी शेवटी तिला घास भरवावा लागायचा. तो विषय मनात आला की मी त्याला मागच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावत असे.

पण कडी लावली म्हणून आतला माणूस गप्प बसतो थोडाच! मला स्वस्थता म्हणून नव्हती. डबे काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. ठेवताना एखादा वाजायचा. मग हे पेपर वर करायचे.

आता, मी शाळा शिकले चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुस्तकातून. विणकाम पुस्तकातून शिकले (यांचं डोकं स्वेटरच्या गळ्यातून गेलं नाही, पण ती छपाईची चूक होती). पेटी पुस्तकातून शिकले. मधमाश्या पाळायला पुस्तकातूनच शिकले, फक्त माश्यांनी ते वाचलेलं नव्हतं. तेव्हा हाताचा बंदोबस्तही पुस्तकातूनच करायचा, हे ओघानेच आलं. आमच्या नालवाडीहून रिक्षा केली आणि वर्ध्याचं वाचनालय गाठलं.

तिथे सदाशिवराव ग्रंथपाल. त्यांच्याकडे कपाटाला हात लावायची सोय नाही. खिडकीसमोर उभं राहायचं आणि विषय सांगायचा, रेशनच्या दुकानात सांगतात तसा.

"विषय?"

माझ्या मागे महिला मंडळाच्या दोघी उभ्या. 'हात थरथरण्यावर काही आहे का' असं विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत नालवाडीत माझी तब्येत पाहायला रांग लागली असती. मी हळूच म्हटलं, "हाताची स्थिरता."

सदाशिवराव आत गेले. बऱ्याच वेळाने दोन पुस्तकं फुंकर मारत घेऊन आले. दोन्हींवर धनुष्य ओढणारा माणूस.

"चौथं प्रकरण पाहा. 'हाताची स्थिरता.' या पहिल्यात हात आहे, दुसऱ्यात मन आहे. दोन्ही लागते म्हणते."

"बायकांनी घेतलं तर चालेल ना?"

"आलं तेव्हापासून पुरुषानंही नाई घेतलं. घेऊन जा."

घरी येऊन मी दोन्ही पुस्तकं वाचून काढली. पहिल्यात पाय कसे ठेवावेत, खांदा कुठे असावा, दोरी हनुवटीला कुठे लागावी, याची चित्रं होती. दुसरं अवघड होतं. त्यात लिहिलं होतं, 'निशाणाची चिंता करू नये. बोटांनी बाण सोडू नये, तो बोटांतून आपोआप सुटला पाहिजे.' हे वाचून मला धीर आला. माझ्या हातून वस्तू आपोआप सुटायला लागल्याच होत्या. म्हणजे निम्मा अभ्यास झाला होता.

मी मनाशी पैज लावली. निशाणाचा मधला भाग पिवळा असतो. त्या पिवळ्यात एक बाण लागला, एकच, की माझ्या हाताला काही झालेलं नाही. मग डॉक्टर नको, काही नको. लागला नाही तर... तर दुसरा मारायचा.

मी धनुष्य करणार, एवढंच ऐकून यांनी पेपर खाली केला. "धनुष्य शस्त्र आहे. त्याले परवाना लागन. मी सरकारी नोकर आहो."

यांना लग्नातला मुंडावळ्यांचा फोटोही साक्षांकित करून हवा होता, असा हा माणूस. म्हणून मी परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने छापील कागद पुढे केला.

"प्रकार?"

"धनुष्य."

"बोअर?"

"म्हणजे?"

"नळीचा व्यास, बाई."

"नळी नाही."

"नळी नाई त गोळी कुठून सुटते?"

"गोळी नाही. बाण."

त्याने जरा विचार केला. "रिकामा रकाना साहेब परत पाठवते. शून्य लिहा."

मी शून्य लिहिलं. ते भेंडीसारखं आलं. मग दोन ठिकाणी सह्या केल्या. त्या दोन सह्या दोन वेगळ्या बायांच्या वाटत होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नसावं. कारकुनाने सह्या पाहिल्या, माझा हात पाहिला, मग खिडकीबाहेरचं झाड पाहिलं.

"पेन काही खरं नाई, बाई. सरकारी पेनं असेच राह्यते."

त्याच पेनाने तो सकाळपासून भराभर लिहीत होता. त्याने दुसरं दिलं. त्यातून तिसरी बाई निघाली. तेव्हा त्याने कागद हळूच ओढून घेतला, घडी केली आणि म्हणाला, "मले वाटते, धनुष्याले परवाना लागतच नाई. तुमी जा घरी."

माझ्या हाताचं मन दुखू नये म्हणून त्या भल्या माणसाने कायदाच बदलला.

मग धनुष्य. बुरडाकडून बांबूची चिरलेली पट्टी आणली, चित्र पाहून तासली, वाळत घालायची नायलॉनची दोरी ताणून बांधली. बाणांसाठी यांची छत्री मोडली. छत्रीची काडी बाणाला फार उत्तम, सरळ आणि टोकदार. 'पावसाळा अजून लांब आहे,' असं मी यांना सांगितलं. यांनी ते पेपराला सांगितलं.

तरी यांच्या मनात काळजी असणारच, कारण एका रविवारी हे आपल्या कचेरीतल्या चपराशाला, जंगलूला, घेऊन आले. "हा गोंड आहे. याले येत असन."

जंगलूभाऊ इस्त्रीची टेरिलीनची पँट घालून आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले. "वैनी, साहेबानं सांगतलं म्हून आलो. पन मले तिरकमठा काई येत नाई."

"तुमच्या घरात परंपरा असेल ना पण?" मी म्हटलं.

"माहा बाप पोस्टमन होता. त्याची परंपरा म्हनान त सायकल." मग ते यांच्याकडे वळले. "साहेब, तुमी देशमुख आहा. तुमाले घोडा चालवता येते का?"

यांना सायकलसुद्धा फक्त उतारावर येते. हे पेपर शोधायला लागले.

"मले कॅरम येते," जंगलूभाऊ म्हणाले. "कचेरीत पह्यला नंबर आहे."

तरी आलेत तर पाहा म्हणून मी धनुष्य ओढून दाखवलं. पाय पुस्तकाप्रमाणे, खांदा पुस्तकाप्रमाणे. बाणाचं टोक मात्र हवेत जिलब्या पाडत होतं. जंगलूभाऊंनी त्या जिलब्या पाहिल्या. यांनीही पाहिल्या.

"बांबू ओला आहे, वैनी," जंगलूभाऊ म्हणाले.

"हो, ओलाच आहे," हे म्हणाले.

बांबू असा वाळलेला होता की चुलीत घातला असता तर फुंकावं लागलं नसतं.

मग निशाण केलं. सरकीच्या ढेपेचं रिकामं पोतं घेतलं, त्यात गुरांचं कुटार, म्हणजे भुसा, दाबून भरलं, वरून जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा शिवला आणि अंगणातल्या कडुलिंबाला टेकवून उभं केलं. पुस्तकात रंग दिले होते, मध्ये पिवळा, मग लाल, निळा, काळा, पांढरा. रंग विकत कशाला आणायचे? हळद कालवली, कुंकू कालवलं, कपड्यांची नीळ घेतली, तव्याची काजळी घेतली आणि वर्तुळं काढायला बसले.

इथे सांगायला हवं, की महिला मंडळात रांगोळी म्हणजे जयवंताबाई देशमुख असं समीकरण होतं. पण त्या संक्रांतीला मंडळाच्या आनंदाबाई मला म्हणाल्या होत्या, "जयवंते, दरसाली वाकून वाकून थकतेस व. औंदा तू खुर्चीवर बस." मी खुर्चीवर बसले. रांगोळी दुसरीने काढली. मी तिला 'सुंदर' म्हटलं आणि घरी येऊन सगळे डबे पुसले.

तर वर्तुळं काढली. जशी यायची तशी आली.

कुंपणापलीकडून देवकाबाईने डोकावून पाहिलं. देवकाबाई माझी शेजारीण. शेती सिंदी रेल्वे नावाच्या गावाला, राहणं इथे. एक गाय आणि पोटात न मावणारा गोडवा. तिने मान आधी डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"ज्वाळा काढल्या वाट्टे," शेवटी ती म्हणाली. "लय सुंदर!"

"वर्तुळं आहेत ती."

"हो ना, वर्तुळंच. पन कशी ज्वाळेवानी! देवळातल्या मातामायच्या तोंडाभोवती असते ना, तशी."

देवकाबाईची ही रीत आहे. खोटं बोलायचीच पाळी आली तर ती देवाला मध्ये घालते, म्हणजे पाप वाटून घेतलं जातं.

सरावाला सुरुवात झाली. पहिला बाण पोत्याकडे न जाता काटकोनात वळला आणि देवकाबाईच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरोड्यांत घुसला. देवकाबाईने बाण काढून कुंपणावरून परत दिला. एक कुरोडी त्याला तशीच होती. "वारा सुटला होता," ती म्हणाली. फाल्गुनातली दुपार. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. दुसरा बाण न्हाणीघरावर गेला, तेव्हा ऊन डोळ्यांवर येत होतं. तिसरा माझ्याच पदरातून गेला, तेव्हा लुगडं सुळसुळीत होतं. एका आठवड्यात माझ्या शेजाऱ्यांनी वारा, ऊन, बांबू, दोरी, लुगडं आणि शनीची साडेसाती या सगळ्यांना दोषी ठरवलं. फक्त एकाचं नाव कोणी घेतलं नाही, आणि तो तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता.

त्याच आठवड्यात देवकाबाईची गाय चारा खाईना. देवकाबाईने सगळे उपाय केले आणि शेवटी कुंपणाशी येऊन, जाता जाता, माझ्या पोत्याला हात जोडले. संध्याकाळी गायीने पोटभर कुटार खाल्लं. कोणाचं खाल्लं ते मला ठाऊक होतं, कारण पोत्याची मागची बाजू उसवून अर्धी रिकामी झाली होती आणि कडुलिंबाखाली शेण पडलं होतं. मी सुई-दोरा घेऊन पोतं शिवेपर्यंत देवकाबाई दहा घरी सांगून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाणावर ताजं हळदीकुंकू. पुढ्यात लिंबू. पिवळ्याच्या बरोबर मधोमध कोणीतरी उदबत्ती खोचलेली. इतके दिवस मी जिथे बाण मारू शकले नाही, तिथे त्या माउलीने पहिल्याच प्रयत्नात उदबत्ती लावली होती!

आता बाण मारायचा कसा? धनुष्य उचललं की कुंपणावरून आवाज यायचा, "अवो बाई, मातामायले बाण मारते का कोनी!" म्हणून मी दुसऱ्या पुस्तकाकडे वळले. त्यात मनाच्या सरावाचं प्रकरण होतं. 'डोळे मिटून बसावे. हात ओढलेल्या स्थितीत ठेवावा. मनातल्या मनात बाण सोडावा व तो मध्यभागी लागलेला पाहावा.' याला तरी कोणाची हरकत नसावी. मी कडुलिंबाखाली पाट टाकून बसले, डोळे मिटले आणि हात हनुवटीपाशी नेला. मनातले बाण सुंदर जात होते. एकामागून एक पिवळ्यात. इतकी स्वस्थता मला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

डोळे उघडले तर समोर बायका बसलेल्या. आनंदाबाई पुढे. त्यांची नजर माझ्या हाताकडे. हात आपलं काम करतच होता.

"आली का व?" आनंदाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"कोण?"

"तिचं नाव नसते घेत." त्यांनी पदर पसरला. "मायबाई, माह्या नातवाच्या नोकरीचं काय होईन, सांग."

मी अजून अर्धी पुस्तकातच होते. तोंडातून पुस्तकातलं वाक्य निघून गेलं, "बाण सुटला की तो आपला राहत नाही."

पुढच्याच आठवड्यात नातवाला बल्लारशाहून बोलावणं आलं आणि तो सामान घेऊन गेला. 'आपला राहत नाही' याचा अर्थ नालवाडीत सगळ्यांना कळला. पुस्तक लिहिणाऱ्यालाही तो कळला नसावा.

मग रोज दुपारी बायका. मला आवडत नव्हतं, असं म्हणणार होते. पण तसं नव्हतं. इतके दिवस माझा हात हलला की लोक नजर खाली करायचे, ताट माझ्या हातून घ्यायचे, कप अर्धाच भरायला सांगायचे. आता हात हलला की हात जोडत होते. आजारी बाईपेक्षा देवी होणं केव्हाही बरं. देवीला कोणी घास भरवत नाही, नैवेद्य दाखवतात.

त्या दिवसांत आमचे हे फार गप्प झाले. पेपराशीही बोलेनात. सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे आणि माझाही कप माझ्यापुढे आणून ठेवायचे, अर्धा भरलेला. मग पेपर धरून बसायचे. पान उलटायचे नाहीत.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सरपंच पुंडलिकराव मोजायची फीत घेऊन अंगणात आले.

"वैनी, ठराव पास झाला. इथं पक्का ओटा, वरून टिनाचं शेड. पिवळी मातामाय. लोकाइले यायले वाट पाह्यजेन, म्हून हे कुंपन जाईन. आनं न्हानीघर थोडं आडवं येते."

"अहो पुंडलिकराव, ते पोतं आहे."

"सगळे देव पह्यले काई ना काई असतेच, वैनी."

फीत धरायला दोघं, दगड ठेवायला दोघं आणि नारळ घेऊन पाहायला निम्मी नालवाडी जमली. आनंदाबाईंनी मला कुंकू लावलं, पाटाकडे हात केला. मी पाटाकडे पाहिलं, मग पोत्याकडे. हा ओटा बांधला की पोतं आत जाणार. पिवळ्यात बाण कधीच लागणार नाही. मला कधीच कळणार नाही. हात वाढत जाईल आणि लोक म्हणतील, मातामाय जोरात आली. एक दिवस मला जेवता येणार नाही आणि हे लोक उदबत्त्या लावतील.

मी घरात गेले आणि धनुष्य घेऊन आले.

"हे निशाण आहे," मी म्हटलं. "आत कुटार आहे. खोटं वाटत असेल तर देवकाबाईच्या गायीला विचारा."

कोणी हसलं नाही. मी पाय पुस्तकाप्रमाणे ठेवले. खांदा पुस्तकाप्रमाणे. दोरी हनुवटीपर्यंत ओढली, आणि हात हलायला लागला. असा कधी हलला नव्हता. छत्रीची काडी बांबूवर कटकट वाजायला लागली, सगळ्या अंगणात ऐकू येईल अशी.

"आली! आली!" आनंदाबाई ओरडल्या. "पाहा व, कशी सपाट्यानं आली!" बायका खाली वाकल्या. पुंडलिकरावांनी टोपी काढली.

"नाई आली."

आवाज आमच्या घराच्या ओट्यावरून आला. हे उठून उभे होते. यांनी पेपराची घडी केली, ती खुर्चीवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरून आले. पेपर नसलेला यांचा चेहरा मला क्षणभर ओळखूच आला नाही.

"देवी नाई आली कोनाची. हिचा हात कापते. दिवाळीपासून कापून राह्यला. मले मालूम आहे, आनंदाबाईले मालूम आहे, तुमाले सगळ्याइले मालूम आहे. बांबू ओला नव्हता. वारा नव्हता. कपाचा कानही पक्का होता. आमी कोनीच बोललो नाई, मी त मुळीच नाई, अन् आता हिचं देऊळ बांधून राह्यले." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "उद्या सेवाग्रामले जाऊ, दवाखान्यात. मी सुटी टाकली आहे. भेव वाटते ना? मलेबी वाटते."

माझ्या बोटांतून बाण सुटला. आपोआप, अगदी पुस्तकात म्हटलंय तसा. पोत्याच्या अगदी कडेला, पांढऱ्यात जाऊन लटकला. पिवळ्यापासून कितीतरी दूर. कोणी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

पुंडलिकराव फीत गुंडाळायला लागले. मला रडू येत होतं आणि त्याच्या आत कुठेतरी हसूही येत होतं, आणि एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना.

"देवकाबाई," मी म्हटलं, "मग ती वर्तुळं वाकडी आली होती ना?"

देवकाबाई कुंपणाच्या फटीतून अलीकडे आली. तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"वाकडी? अवो बाई, माह्या गायीच्या शेपटीले ब्रश बांधला असता ना, तिनं याच्याहून बरी काढली असती!"